तबकडीचे पाकीट आणि त्यावरचे निशाण



ज्यांच्या घरी पूर्वी कर्ण्याचा ग्रामोफोन होता, त्यांना तबकडीच्या मधोमध चिकटवलेला तो गोल कागद आठवत असेल. त्यावर एक कुत्रा कर्ण्यापुढे मान तिरकी करून बसलेला असे. या कुत्र्याचे नाव निपर. तो इंग्लंडातला. फ्रान्सिस बॅरो नावाच्या चित्रकाराने त्याचे चित्र काढले, तेव्हा निपर मरून तीन वर्षे झाली होती. १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने ते चित्र विकत घेतले, पण एका अटीवर. चित्रात यंत्र दुसऱ्या जातीचे होते. ते खोडून आमचे यंत्र काढा, असे कंपनीने सांगितले. बॅरोने तसे केले. कुत्रा तोच राहिला, त्याच्यापुढचे यंत्र बदलले, आणि पुढे जगभर लोक कंपनीचे नाव न वाचता नुसता कुत्रा पाहून तबकडी ओळखू लागले.

आपल्याकडे याला 'छाप' म्हणतात. बाजारात अमुक छापाचा साबण, तमुक छापाची काडेपेटी मागायची रीत जुनीच आहे. मँचेस्टरच्या गिरण्या हिंदुस्थानात कापड पाठवीत, तेव्हा ताग्यावर आपल्या देवादिकांची रंगीत चित्रे चिकटवीत. गिऱ्हाइकाला अक्षर येत नसले तरी चित्र कळते, हे त्या व्यापाऱ्यांना पक्के ठाऊक होते. आणि १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आठवा. बैलजोडी, झाड, पणती! आपल्या लोकशाहीचा पहिला धडा आपण चित्रावरूनच गिरवला.

आज मला बोलायचे आहे ते तबकडीच्या पाकिटावरच्या चित्रांविषयी. त्यातही इंग्लंडातल्या काही गाणाऱ्या मंडळींनी १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत जी चित्रे छापली, त्यांविषयी. तुम्ही म्हणाल, सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला त्याचे काय? जरा धीर धरा. त्यात एक गाय आहे, एक मोळी आहे, एक चिमणी आहे, आणि आपल्या देवघरातला एक देवही आहे.

पहिल्या काळी पाकिटाला चित्र नव्हतेच. जाड खाकी कागदाची पिशवी, मध्ये भोक, त्यातून गोल कागदावरचे नाव दिसायचे. १९०२ साली कलकत्त्याला गौहरजानचे गाणे मुद्रित झाले. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हानोव्हरला. तिथल्या कारागिराला ही कोणाची चीज हे कसे कळणार? म्हणून गाणे संपता संपता बाईच आपले नाव इंग्रजीत पुकारीत. म्हणजे सुरुवात अशी की नाव सांगितल्यावाचून तबकडी पुरी होत नसे.

लांबलचक गाणे एका तबकडीत मावत नसे. मग चार-सहा तबकड्या एकत्र बांधून फोटोंच्या वहीसारखे पुस्तक करीत. त्यालाच आल्बम म्हणत, आणि पुढे एकाच मोठ्या तबकडीलाही तेच नाव चिकटले. अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीत अॅलेक्स स्टाइनवाइस नावाचा तेविशीतला तरुण होता. थडग्याच्या दगडासारखी ही पुस्तके कोण उचलील, असे त्याला वाटले, आणि १९४० साली त्याने त्यांवर चित्रे काढायला सुरुवात केली. खप वाढला. १९४८ साली बारा इंची लाँग प्ले तबकडी आली, आणि चित्रकाराला वीतभराहून मोठे, चौरस अंगण मिळाले. पण बहुधा त्या अंगणात काय यायचे? गायकाचा हसरा चेहरा आणि मोठ्या अक्षरांत नाव.

हे मोडले ते प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणवणाऱ्या मंडळींनी. आपल्याकडे पुरोगामी म्हटले की सभा आणि ठराव डोळ्यांपुढे येतात. तसे काही इथे नाही. विजेच्या गिटारीवर आणि ढोलांवर वाजणारे तीन मिनिटांचे नाचाचे गाणे सोडून या तरुणांनी वीस-वीस मिनिटांच्या, तबकडीची अख्खी बाजू भरणाऱ्या रचना बांधल्या. त्यात युरोपचे अभिजात संगीत आले, जाझ आले, कधी आपल्याकडच्या रागांची छाया आली. असे गाणे बसून ऐकायचे. ऐकताना हातात पाकीट असायचे आणि डोळे चित्रावर. घरी पोथी लागली असताना आजीचे डोळे भिंतीवरच्या तसबिरीवर असत ना, तसेच काहीसे.

आता गाईकडे येऊ. १९७० साली पिंक फ्लॉइड या मंडळींची एक तबकडी निघाली. पाकिटावर काय, तर हिरव्या कुरणात उभी असलेली एक काळी-पांढरी गाय, मागे वळून बघणारी. नाव नाही, गाव नाही, गाणाऱ्यांचा चेहरा नाही. छायाचित्र घेणारा स्टॉर्म थॉर्गरसन लंडनबाहेर मोटारीने गेला आणि पहिली जी गाय दिसली तिचा फोटो काढून परतला. गाईचे नाव होते लुलुबेल तिसरी. आपल्या सांगोल्याच्या शेतकऱ्यापुढे हे चित्र धरा. तो पहिल्यांदा कास बघेल, मग पाठीचा कणा बघेल, मग म्हणेल, होल्स्टीन दिसते, आमच्या खिल्लारीची चाल हिला नाही. संगीताचे समीक्षक मात्र या गाईत गूढ अर्थ शोधत बसले. काढणाऱ्याचे म्हणणे एवढेच होते की गाय म्हणजे गाय. तुम्ही काय अपेक्षा धरून आलात ते तुमच्यापाशी. ती तबकडी इंग्लंडात खपाच्या यादीत पहिली आली. त्या मंडळींना तो मान पहिल्यांदाच मिळाला, आणि तो नाव न छापता मिळाला.

पुढच्याच वर्षी, १९७१ त, लेड झेपेलिन या दुसऱ्या मंडळींनी तोच डाव मोठ्या प्रमाणावर खेळला. ही मंडळी खरे म्हणजे अगदी त्या पंथातली नव्हेत, त्यांचे गाणे जास्त रांगडे. पण त्यांचे पाकीट या गोष्टीत सोडता येत नाही. पडक्या घराची भिंत, तिच्यावरचा कागद सोललेला, आणि त्या भिंतीवर टांगलेली एक तसबीर. तसबिरीत पाठीवर काटक्यांची भली मोठी मोळी घेऊन वाकलेला, पांढऱ्या दाढीचा म्हातारा, हातात काठी. बस्स. पाकिटावर मंडळींचे नाव नाही आणि तबकडीलाही नाव नाही. आत चौघा वादकांनी नावाऐवजी एकेक खूण निवडली. एकाची तीन एकमेकांत गुंतलेली कडी, एकाचे वर्तुळातले पीस, एकाचे वर्तुळात गुंफलेल्या तीन कमानी, आणि एकाची तर अशी खूण की तिचा उच्चार काय करायचा यावर आजही वाद आहेत. कंपनीवाल्यांनी सांगितले, हा धंद्याचा आत्मघात आहे. तबकडीच्या कोट्यवधी प्रती खपल्या. तो मोळीवाला म्हातारा कोण, हे मात्र पन्नास वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच्याकडे आपण पुन्हा येऊ.

शिक्षक मंडळींसाठी एक गंमत सांगतो. १९७३ साली पिंक फ्लॉइडच्याच तबकडीवर काळ्या पार्श्वभूमीवर एक लोलक आला. डावीकडून पांढरा किरण आत शिरतो, उजवीकडून रंगांचा पट्टा बाहेर पडतो. इथेही नाव नाही. वादकांपैकी रिचर्ड राइट यांनी, या वेळी फोटो नको, काहीतरी साधे स्वच्छ द्या, अशी मागणी केली, आणि थॉर्गरसनला पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातली आकृती सापडली. जॉर्ज हार्डी यांनी ती नेटकी रेखाटली. म्हणजे जी आकृती आपण सातवी-आठवीच्या फळ्यावर खडूने काढतो, तीच! तांबडा वर, जांभळा खाली, हेही बरोबर, कारण तांबडा किरण सर्वांत कमी वळतो. पण मुलांना पट्ट्यातले रंग मोजायला लावा. तानापिहिनिपाजा म्हणत म्हणत मोजले की एक कमी भरतो. पारवा नाही. चित्रकाराने सहाच रंग ठेवले. ही चूक म्हणायची की सोय? न्यूटनने सात रंग सांगितले खरे, पण इंद्रधनुष्यात पारवा नेमका कुठे सुरू होतो हे दाखवा म्हटले तर भलेभले अडखळतात. तासाभराचा उत्तम वाद होईल.

आता आपल्या देवघरातला देव. इथे जरा सावकाश जायला हवे.

छापील देव आपल्या घरी आले त्याला फार काळ लोटलेला नाही. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत दगडी छपाईचा कारखाना काढला. काही वर्षांनी तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. लक्ष्मी, सरस्वती, दत्त, रामपंचायतन स्वस्तात छापून निघाले आणि ज्याला देवळात उंबऱ्याशी थांबवले जाई त्याच्याही भिंतीवर देव येऊन बसले. ही थोडी गोष्ट नव्हे. मग इतर छापखाने निघाले, दिनदर्शिका निघाल्या, आणि देशभर या चित्रांचा पूर आला. अशाच एका स्वस्त छापील चित्रात विष्णूचे विराट रूप होते, अनेक मुखे, अनेक हात. १९६७ साली लंडनमध्ये जिमी हेंड्रिक्स या अमेरिकी गिटारवादकाच्या तबकडीसाठी कंपनीने ते चित्र घेतले आणि रॉजर लॉ या चित्रकाराकरवी मधल्या मुखाच्या जागी हेंड्रिक्स व त्याच्या दोघा साथीदारांचे चेहरे रंगवून घेतले.

गंमत अशी की खुद्द हेंड्रिक्सला ते पसंत पडले नाही. त्याच्या अंगात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे, ज्यांना तिकडे 'इंडियन' म्हणतात त्यांचे रक्त होते. 'इंडियन' धाटणीचे काही हवे तर ते माझ्या पूर्वजांचे असायला हवे होते, असे त्याचे म्हणणे. कोलंबसाने केलेला घोटाळा पावणेपाचशे वर्षांनी पुन्हा झाला म्हणायचा!

वारकरी घरात वाढलेल्या माणसाला हे चित्र पाहून काय वाटेल? ज्ञानेश्वरीचा अकरावा अध्याय ज्याने बसून ऐकला आहे, त्याला ठाऊक आहे की ते रूप पाहून अर्जुन घाबरला आणि त्याने देवाला पुन्हा नेहमीच्या सौम्य रूपात यायला विनविले. विश्वरूप म्हणजे माणसाचा मीपणा गळून पडण्याची जागा. तिथे माणसाचा चेहरा बसवणे म्हणजे नेमके उलटे टोक. मला स्वतःला याचा राग येत नाही, वाईट वाटते. कारण चित्र नेले, पण त्याबरोबरचा अध्याय मागेच राहिला. १९९७ साली एरोस्मिथ या अमेरिकी मंडळींच्या तबकडीवर कालियामर्दनाच्या कृष्णाला मांजराचे तोंड आले, तेव्हा मात्र लोकांनी आवाज उठवला. कंपनीने माफी मागून चित्र बदलले.

त्याच १९६७ सालचा उलट प्रकारही ऐका. बीटल्स या विख्यात चौकडीने आपल्या तबकडीवर नामवंतांचा मोठा जमाव उभा केला होता. त्यात परमहंस योगानंद आणि त्यांच्या गुरुपरंपरेतले तिघे होते. महात्मा गांधींचाही पुतळा होता. पण कंपनीचे प्रमुख सर जोसेफ लॉकवुड यांनी, हिंदुस्थानातल्या लोकांना हे रुचणार नाही, असे म्हणून गांधीजींना काढायला लावले. ही कंपनी म्हणजे तीच आपली कुत्रा छापवाली. कलकत्त्याजवळ डमडमला तिचा कारखाना होता, आणि बाजार गमावण्याची भीती खरी होती. एकीकडे देवाचे तोंड बदलायला कोणाला विचारावे लागले नाही, आणि दुसरीकडे गांधीजी मात्र गिऱ्हाइकांच्या धास्तीने पुसले गेले.

सगळेच असे वरवरचे नव्हते. येस नावाच्या मंडळींनी १९७३ साली चार बाजूंची, दोन तबकड्यांची एक रचना केली. तिचे मूळ योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेत होते: श्रुती, स्मृती, पुराणे आणि तंत्रे, अशी शास्त्रांची चार अंगे. प्रत्येक अंगाला एक बाजू. चित्रकार रॉजर डीन यांनी पाकिटावर मात्र एकही हिंदू देव काढला नाही. मेक्सिकोतले माया लोकांचे मंदिर, इंग्लंडातल्या पुराणकालीन शिळा, पेरूच्या वाळवंटातल्या रेघा, आणि या सगळ्यावरून हवेत पोहणारे मासे. मला हा विवेक वाटतो. ज्याची आपल्याला ओळख तेवढेच काढावे.

याच वर्षी किंग क्रिमझन या मंडळींच्या तबकडीवर सूर्य आणि चंद्र एकमेकांत मिसळलेले आले. एवढेच चित्र, बाकी पांढरे पाकीट. तज्ज्ञांनी तंत्रमार्गातल्या स्त्री-पुरुष तत्त्वांवर लिहिले. पण श्रोतेहो, सूर्य-चंद्राची जोडी बघायला लांब जायचे कारण नाही. आपल्या जिल्ह्यात गावोगावी, वेशीपाशी, मारुतीच्या पाराजवळ वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, त्याच्या वर अप्सरा वीराला नेत आहेत, त्याच्या वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे, आणि अगदी माथ्यावर सूर्य आणि चंद्र. अर्थ एवढाच की हे दोघे आहेत तोवर या माणसाची कीर्ती राहो. ताम्रपटातला 'आचंद्रार्क' हा शब्द आणि दगडावरचे हे चित्र एकच. पण कीर्ती कोणाची? बहुतेक वीरगळांवर नाव कोरलेले नाही. त्या काळी गावाला नाव ठाऊक होते, म्हणून कोरायची गरज वाटली नाही. आता गावालाही ठाऊक नाही. काहींना शेंदूर फासून आपण देव केले, काहींवर धुणी धुतो, काही बांधकामात गेले.

राहिली चिमणी. सोलापूरकराला चिमणी म्हटले की पाखरू आणि गिरणीचे धुराडे असे दोन्ही आठवते. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. शहराचे घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. दुरून येणाऱ्या बैलगाडीला गाव दिसायच्या आधी चिमण्या दिसत. आता जानेवारी १९७७ चे पिंक फ्लॉइडचे पाकीट पाहा. लंडनच्या बॅटरसी वीजघराच्या चार उंच चिमण्या, वर काळवंडलेले ढग, आणि दोन चिमण्यांच्या मध्ये उडणारे एक डुक्कर! गाण्यांत माणसांचे कुत्रे, डुकरे आणि मेंढरे असे तीन वर्ग केले आहेत. कल्पनेचे बीज ऑरवेलच्या १९४५ सालच्या पुस्तकातले. पंचतंत्र ऐकून वाढलेल्या आपल्या लोकांना जनावरांच्या तोंडून राज्यकारभार सांगण्याची ही तऱ्हा नवी नाही.

ते डुक्कर खरेच उडवले होते. चाळीस फूट लांब, वायूने फुगवलेले. पहिल्या दिवशी, सुटलेच तर पाडायला म्हणून बंदूकवाला ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्याला बोलवायचे राहून गेले, आणि नेमके त्याच दिवशी दोर तुटला. विमाने खोळंबली. डुक्कर दूर केंट परगण्यात एका शेतात उतरले आणि शेतकऱ्याने तक्रार केली की माझी गुरे बुजली. शेवटी पाकिटावर आले ते पहिल्या दिवसाचे आभाळ आणि त्यावर नंतर चिकटवलेले डुक्कर.

ते वीजघर १९८३ साली पूर्ण बंद पडले. चिमण्या खचल्या होत्या. पण आता त्या साऱ्या जगाच्या ओळखीच्या झाल्या होत्या, म्हणून त्या उतरवून जशाच्या तशा नव्याने बांधल्या आणि २०२२ साली ती जागा दुकाने व कचेऱ्यांसाठी उघडली. इकडे सोलापुरात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. कामगार यंत्रमागाकडे, पुण्याकडे, भिवंडीकडे गेले. २०२३ साली साखर कारखान्याची एक उंच चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून पाडली, तेव्हा ती कोसळताना पाहायला आणि मोबाइलवर टिपायला माणसे जमली. पाडणे योग्य की अयोग्य, तो वाद इथे नको. मला एवढेच वाटून गेले की आमच्या चिमण्यांचे चित्र कोणी कोणत्या पाकिटावर छापले नाही.

आता त्या मोळीवाल्या म्हाताऱ्याचे सांगून पुरे करतो. तबकडीवरची तसबीर लंडनजवळच्या रेडिंग गावी जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळालेली. कोणी तिला रंगचित्र म्हणे, कोणी त्यात साधू पाही, कोणी जादूगार. २०२३ साली ब्रायन एडवर्ड्स हे इतिहाससंशोधक जुन्या छायाचित्रांची एक वही चाळत होते. वही १८९२ सालची, अर्नेस्ट फार्मर या छायाचित्रकाराची. तीत तोच म्हातारा, तीच मोळी, काळ्या-पांढऱ्या फोटोत. तबकडीवरची तसबीर म्हणजे त्याच फोटोची हाताने रंगवलेली प्रत होती. फार्मरने फोटोखाली स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले होते की हा विल्टशर परगण्यातला छपरे शाकारणारा आहे. त्या एका ओळीवरून जुनी कागदपत्रे धुंडाळली, तेव्हा तो बहुधा मिअर गावचा लॉट लाँग असावा असे निघाले. पाठीवर होती ती सरपणाची मोळी नव्हती, छपराच्या कामाच्या काटक्या होत्या. फोटो काढल्याच्या पुढच्याच वर्षी, १८९३ त, लॉट लाँग वारला.

सोलापुरात पुष्कळ घरांत गिरणीच्या खात्याचा एक फोटो आहे. चाळीस-पन्नास माणसे, पुढच्या रांगेत खुर्च्यांवर साहेब आणि जॉबर, मागे टोप्या आणि फेटे. परवा एका घरी मी तो फोटो भिंतीवरून काढून उलटा करून पाहिला. मागे फ्रेम करणाऱ्याचा शिक्का होता. म्हातारबाबांना पुढ्यात बसवून नावे विचारली, तेव्हा त्यांनी बोट ठेवून अकरा सांगितली. आम्ही ती पेन्सिलीने लिहिली.